एन-एट-एन आणि आमच्या दोन दिवाळ्या

दादर पश्चिमेला छबिलदासच्या गल्लीपासून चालत दोन मिनिटांवर आमचं पुस्तकांचं दुकान आहे. सासऱ्यांनी म्हणजे अण्णांनी काढलेलं. वर्षभर पुस्तकं आणि दसरा झाला की दीड महिना फक्त दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. त्यांच्या त्या हौसेवर आमच्या दुकानाचं भाडं निघतं असं अण्णा दरवर्षी एकदा तरी म्हणतात. हिशेब आणि ऑनलाइन ऑर्डरी माझ्याकडे असतात. मी बी.कॉम., कोडिंगचा गंध नाही. तरीही गेली दोन वर्षं एन-एट-एन नावाचं वर्कफ्लो सॉफ्टवेअर, म्हणजे एकामागून एक कामं आपोआप करणारं, मी चालवते, दोनदा तोंडावर पडले आहे, आणि त्याच्या जिवावर हा रिव्ह्यू लिहायला बसले आहे.

नावाचं आधी सांगते. मूळ शब्द ‘नोडमेशन’. इंग्रजीत त्याची दहा अक्षरं, पहिला एन, शेवटचा एन आणि मधली आठ, म्हणून एन-एट-एन. यान ओबरहाउझर यांनी २०१९ मध्ये बर्लिनहून ते बाहेर आणलं. पडद्यावर चौकोन मांडायचे, एकमेकांना रेघेने जोडायचे, आणि डावीकडून माल आत सोडायचा. पैसे आले, शीटमध्ये नोंद कर, बिल बनव, ग्राहकाला मेसेज टाक, कुरिअरचं लेबल काढ. स्वतःच्या सर्व्हरवर चढवलं तर फुकट. लायसन्सचा मतलब एवढाच की आपल्या धंद्यासाठी खुशाल वापरा, तेच दुसऱ्याला भाड्याने देऊन पैसे करू नका. कंपनीच्या क्लाउडवर घेतलं तर हिशेब युरोत आणि महिन्याला किती वेळा वर्कफ्लो धावला त्यावर. आम्ही महिना आठशे रुपयांचा दोन जीबीचा एक सर्व्हर घेतला आणि नणंदेच्या मुलाने सप्टेंबर २०२४ मध्ये एका शनिवारी दुपारी, आमरस नसल्याची तक्रार करत, ते चढवून दिलं. मग तो नोकरीला बेंगळुरूला गेला. उरलेलं सगळं माझ्या गळ्यात.

चौकोन जोडणं सोपं आहे, त्याबद्दल मी लिहीत नाही. शंभर व्हिडिओ सापडतील. मला लिहायचंय ते गर्दीबद्दल आणि पहाऱ्याबद्दल, कारण त्यावर कोणी फारसं बोलत नाही, आणि दुकानदाराचं मरण तिथेच असतं.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार. सहा अंकांच्या सवलतीच्या संचाची आमची लिंक कुठल्यातरी वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली आणि रात्री आठ ते दहामध्ये ४१२ ऑर्डरी आल्या. एरवी दिवसाला वीस आल्या तर आम्ही खूश. मी स्वयंपाकघरात होते. ओट्यावर ठेवलेला फोन थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकला आणि खाली पडला. उचलून बघते तर टेलिग्रामवर, जिथे एन-एट-एनचा बॉट म्हणजे आपोआप मेसेज टाकणारा निरोप्या चुका कळवतो, तांबडे मेसेज. चूक, चूक, चूक. दहा मिनिटांनी मेसेज येणं बंद झालं आणि मला वाटलं निस्तरलं असेल. निस्तरलं नव्हतं. टेलिग्रामच्या बॉटने एका चॅटमध्ये सेकंदाला एकापेक्षा जास्त मेसेज पाठवू नयेत असा त्यांचा दंडक आहे, आमच्या बॉटने तो कधीच ओलांडला होता. म्हणजे बोंब मारणाऱ्याचाच घसा बसला.

काय झालं होतं ते कळायला मला तीन दिवस लागले. इथे जरा थांबून सांगते, कारण ही चूक मी केली तशीच कोणीही करेल.

ग्राहकाने पैसे भरले की पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी मधली सेवा) आमच्या वर्कफ्लोला हाक मारतो, त्याला वेबहुक म्हणतात. हाकेला ‘ओ’ कधी द्यायची, हे वेबहुकच्या चौकोनात ठरवता येतं: लगेच, किंवा शेवटचा चौकोन संपल्यावर. मी दुसरं निवडलं होतं. मनात हिशेब असा की सगळं पार पडल्याशिवाय ‘झालं’ का म्हणायचं? प्रामाणिकपणा! पण शेवटचा चौकोन होता कुरिअरच्या लेबलचा, आणि त्या रात्री त्या कुरिअरवाल्यांचा सर्व्हर एकेका लेबलला बारा-पंधरा सेकंद घेत होता. गेटवे इतका वेळ थांबत नाही. काही सेकंदांत ओ आली नाही की त्याला वाटतं निरोप पोचला नाही, आणि तो पुन्हा हाक मारतो. दुसरी हाक आली की आमच्याकडे नवीन ऑर्डर, नवीन ओळ, नवीन लेबल. त्याने काम आणखी तुंबलं, म्हणून ओ आणखी उशिरा, म्हणून हाका आणखी जास्त. ४१२ ऑर्डरींच्या शीटमध्ये ९७१ ओळी झाल्या.

शीटही गूगलची. एका खात्यावरून मिनिटाला ६० वेळा लिहायची मुभा, त्यापुढे ४२९ नंबरची चूक येते, म्हणजे ‘फार झालं, जरा थांबा’. आणि मी शहाणीने प्रत्येक चौकोनावर ‘फसलं तर पुन्हा प्रयत्न कर’ हे बटण चालू करून ठेवलेलं. तीन वेळा, दर एका सेकंदाने. थांबा म्हणणाऱ्याच्या दारावर सेकंदासेकंदाला धडका. शेवटी दोन जीबी मेमरी भरली, प्रोग्राम कोसळला, आपोआप पुन्हा उभा राहिला, आणि अर्ध्यावर असलेल्या ऑर्डरी तशाच लोंबकळत राहिल्या.

मंगळवारी गोरेगावहून एका बाईंचा फोन. “ताई, मला दोन संच आलेत. पैसे मी एकाचेच भरलेत हो.” देव त्यांचं भलं करो. सगळेच फोन करत नाहीत. ३७ संच जास्तीचे गेले, त्यातले अकरा परत आले.

यात सॉफ्टवेअरचा दोष मी धरत नाही. मी सांगितलं तसंच त्याने केलं. पण दुकानात नवीन पोरगा ठेवला तर त्यालाही गल्ल्यावर बसवण्याआधी चार गोष्टी सांगाव्या लागतात, तशा याला सांगाव्या लागतात हे मला माहीत नव्हतं. मुळात सगळं मोकळं असतं. एक वर्कफ्लो किती वेळ चालावा याला मर्यादा नाही, आपण घालायची. एका वेळी किती चालावेत याला मर्यादा नाही, तीही आपणच घालायची. घड्याळसुद्धा न्यूयॉर्कचं! टाइमझोन सांगितला नाही तर ते अमेरिकेची वेळ धरतं. सकाळी नऊचा स्टॉक रिपोर्ट मी लावला होता, तो रोज संध्याकाळी साडेसहाला यायचा, आणि मला वाटायचं भाच्याने मुद्दाम दुकानाच्या वेळेनुसार केलंय. ३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. नणंद आणि भाचा जेवायला आले होते, आणि रिपोर्ट आला साडेसात वाजता. तिकडे त्याच रविवारी घड्याळं तासभर मागे गेली होती. भाचा श्रीखंडाची वाटी हातात घेऊन हसत सुटला. “मामी, तुझं दुकान मॅनहॅटनमध्ये आहे.” तेव्हा त्याने आशिया-कोलकाता लिहून दिलं.

त्या हिवाळ्यात मी सगळं मोडून पुन्हा मांडलं, आणि मुख्य कल्पना दिली अण्णांनी. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंही नाही. मी रडगाणं गात होते तेव्हा ते म्हणाले, “अगं, आवक आणि जावक एकाच वहीत कोण लिहितं?”

सरकारी टपालखात्यात किंवा कुठल्याही जुन्या पेढीत दोन वह्या असतात. आलेलं पत्र आधी आवक वहीत चढतं, नंबर पडतो, आणणाऱ्याला पोच मिळते, तो जातो. त्या पत्राचं पुढे काय करायचं ते नंतर, आपल्या सवडीने. मी एका वर्कफ्लोचे दोन केले. पहिल्याचं नाव देवनागरीतच ‘आवक’. तो फक्त हाक ऐकतो, लगेच ओ देतो आणि ऑर्डर एका तक्त्यात टाकतो. सुरुवातीला हा तक्ता वेगळ्या डेटाबेसमध्ये होता. अलीकडे एन-एट-एनमध्ये डेटा टेबलची सोय आली, आता तिथेच असतो. पेमेंटचा नंबर आधी येऊन गेला असेल तर दुसरी हाक तिथेच गिळून टाकायची, त्यासाठी डुप्लिकेट काढणारा तयार चौकोन आहे, तो मागच्या खेपांमधलंही लक्षात ठेवतो.

दुसरा ‘जावक’. तो दर दोन मिनिटांनी उठतो आणि तक्त्यातल्या वीस ऑर्डरी उचलतो. वीसच का? एका ऑर्डरीला शीटमध्ये तीनदा लिहावं लागतं. दोन मिनिटांत वीस म्हणजे मिनिटाला दहा, म्हणजे तीस वेळा लिहिणं. गूगलच्या साठच्या निम्मं. उरलेलं निम्मं माझ्यासाठी, कारण ऐन गर्दीत मी स्वतःही शीट उघडून काहीतरी खुडबुड करत असते. ४१२ ऑर्डरी या वेगाने बेचाळीस मिनिटांत निघतात. दिवाळी अंक मागवणाऱ्याला बिल पाऊण तासाने मिळालं तर त्याचं काही बिघडत नाही. तसेही चार-पाच दिवसांनी अंक हातात पडणार असतात. हा आकडा सॉफ्टवेअर आपल्याला काढून देत नाही. आपल्या गिऱ्हाईकाला किती थांबवता येईल हे ज्याला माहीत आहे त्यानेच तो काढायचा.

यात एक खड्डा आहे. एखादी खेप दोन मिनिटांपेक्षा जास्त लांबली तर पुढची खेप तिची वाट बघत नाही, आपल्या वेळेला सुरू होते आणि त्याच वीस ऑर्डरी उचलते. म्हणून ऑर्डर उचलताक्षणी तिच्यासमोर ‘हातात’ असा शेरा मारायचा, आणि पुढच्याने शेरा असलेल्यांना हात लावायचा नाही. पंधरा मिनिटं झाली तरी शेरा ‘हातात’च असेल तर? आधी मी ती आपोआप पुन्हा रांगेत टाकत होते. मग लक्षात आलं, लेबल निघाल्यावर आणि शेरा बदलण्याआधी सर्व्हर बसला असेल तर पुन्हा गोरेगाव. आता अशी ऑर्डर माझ्याकडे येते, मी डोळ्यांनी बघते. सीझनमध्ये अशा फार तर सहा-सात निघतात.

एका वेळी किती वर्कफ्लो चालावेत याची मर्यादा मी पाचावर ठेवली. सहावा रांगेत उभा राहतो, आलेल्या क्रमाने. सर्व्हर बंद पडून उठला तरी रांग लक्षात राहते, हे मला फार आवडलं. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. ही मर्यादा फक्त वेबहुक किंवा टायमरने आपोआप सुरू झालेल्यांना लागू आहे. हाताने चालवलेले, एका वर्कफ्लोच्या पोटातून दुसरा बोलावलेला, आणि चूक झाल्यावर धावणारा, या तिघांना ती लागत नाही. आणि मर्यादा अख्ख्या घराला मिळून एकच आहे. ‘आवक’ला दहा, रिपोर्टला एक, असं वाटून देता येत नाही. प्रकाशकांच्या कमिशनचा महिनाअखेरचा रिपोर्ट वीस मिनिटं चालतो आणि पाचातली एक खुर्ची अडवून बसतो, ऑर्डर दारात उभी असली तरी. मी तो पहाटे चारला ढकलला. पाचापैकी चारच तारे मी देते त्यातलं मोठं कारण हे.

वेळेची मर्यादाही घातली, पाच मिनिटं. ती मात्र पोलिसी शिट्टीसारखी नाही. चालू असलेला चौकोन आधी संपतो, मग थांबवलं जातं. म्हणून जो चौकोन बाहेरच्या सर्व्हरशी बोलतो त्याच्या पोटात वेगळी मर्यादा द्यायची. कुरिअरला मी वीस सेकंद दिलेत.

पुन्हा प्रयत्न करण्याच्या बटणाबद्दल माझं मत आता पार बदललं आहे. वाचायच्या कामाला ठेवा, बनवायच्या कामाला काढा. पिनकोडवरून गाव शोधायचं असेल तर पाच वेळा शोधा, कोणाचं काय जातं? पण लेबल बनवताना उत्तर आलं नाही याचा अर्थ लेबल बनलं नाही असा होत नाही. शिवाय मी वापरते त्या आवृत्तीत प्रयत्न जास्तीत जास्त पाच आणि मधली विश्रांती जास्तीत जास्त पाच सेकंद. मिनिटाचा कोटा संपलेला असताना वीस-पंचवीस सेकंद धडपडून काय उपयोग? दर वेळी दुप्पट थांबायचं असेल तर वेट नावाचा चौकोन लावून ते चक्र आपणच बांधायचं. मी एकदा बांधलं, आता ‘जावक’मुळे त्याची गरजच पडत नाही.

आता पहारा.

एन-एट-एनमध्ये ‘एरर वर्कफ्लो’ नावाची चीज आहे आणि ती उत्तम आहे. चुकीसाठी वेगळा वर्कफ्लो बनवायचा, बाकीच्यांच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव द्यायचं. कुठेही काही फसलं की तो धावतो आणि कोणता वर्कफ्लो, कोणता चौकोन, काय चूक, आणि तो प्रसंग उघडून बघायची लिंक, सगळं हातात देतो. एकच सगळ्यांना चालतो. पण तपासायला गेले तेव्हा मी एक अख्खी दुपार घालवली. मुद्दाम चूक केली, चालवून बघितलं, काही नाही. पुन्हा केली, काही नाही. दहा वेळा. शेवटी बेंगळुरूला फोन.

“मामी, तू हाताने चालवतेस ना?”

“मग काय पायाने चालवू?”

“हाताने चालवलं की एरर वर्कफ्लो उठतच नाही. टायमर लाव आणि गप्प बस पाच मिनिटं.”

टायमर लावला, ‘थांब आणि चूक दाखव’ असा एक चौकोन मिळतो तो मध्ये घातला, आणि पाच मिनिटांत टेलिग्राम वाजला. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

पहिल्या दिवाळीत दर चुकीला एक मेसेज होता. आता एरर वर्कफ्लो मेसेज पाठवतच नाही, तक्त्यात नोंद करतो. दर दहा मिनिटांनी एक दुसरा वर्कफ्लो ती नोंद वाचून एकच मेसेज करतो: कोणत्या चौकोनात, कितीदा. नवीन प्रकारची चूक पहिल्यांदा दिसली तर तेवढी लगेच. रात्री अकरा ते सकाळी सात फक्त एकाच कारणाने फोन वाजायचा, पैसे आले आणि आवक वहीत नोंद नाही. बाकी सगळं सकाळपर्यंत थांबू शकतं. हे ठरवताना नवऱ्याशी माझं भांडण झालं होतं, त्यांना वाटायचं सगळंच कळायला हवं. चार रात्री त्यांच्या फोनवर वाजू दिलं. पाचव्या रात्री पटलं.

पण चूक झाली की ओरडणारा पहारेकरी, काहीच घडलं नाही तर गप्प बसतो. २०२५ च्या मेमध्ये आम्ही ज्यांच्याकडून सर्व्हर घेतलाय त्यांनी दुरुस्तीसाठी तो बंद-चालू केला, आणि आमचा प्रोग्राम परत उठला नाही. मे महिना, गिऱ्हाईक गावाला, दोन दिवस ऑर्डर नाही म्हणून मला काही वाटलंही नाही. एरर वर्कफ्लो त्याच सर्व्हरवर, तोही झोपलेला. तिसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या लायब्ररीतून फोन आला तेव्हा कळलं.

यावरचा उपाय बाहेरचा आहे. हेल्थचेक्स डॉट आयओ म्हणून एक सेवा आहे, वीस चेकपर्यंत फुकट. आपला ‘जावक’ दर खेपेच्या शेवटी तिकडे हजेरी लावतो. दहा मिनिटांत हजेरी आली नाही की ती सेवा आपल्याला मेल करते. म्हणजे इथे बातमी हजेरीची नाही, गैरहजेरीची. शाळेत बाई हजेरी घेतात तसं. हजेरीचा चौकोन मात्र शेवटी लावायचा, सुरुवातीला लावला तर मुलगा नाव सांगून खिडकीतून पळाला तरी वहीत हजर. एन-एट-एनचा स्वतःचा एक तब्येत सांगणारा पत्ता असतो, पण साधा पत्ता फक्त दार उघडं आहे एवढंच सांगतो. डेटाबेस चालू आहे का हे विचारायचं तर त्याच्यापुढे ‘रेडीनेस’ लावलेला पत्ता विचारावा लागतो. हा फरक मोठा आहे.

जाताजाता डिस्कचं. जुन्या खेपांच्या नोंदी ते आपणहून १४ दिवसांनी किंवा दहा हजार झाल्या की काढतं. पण डेटाबेस मुळातला एसक्यूलाइट असेल तर आतलं रिकामं झालं तरी फाइल आकसत नाही, दळणाचा डबा रिकामा झाला म्हणून डबा लहान होत नाही तसं. तिला ‘व्हॅक्यूम’ करावं लागतं, म्हणजे आतली मोकळी जागा काढून टाकावी लागते. मी यशस्वी झालेल्या खेपांच्या नोंदी ठेवणंच बंद केलं.

सगळ्यात जास्त मेहनत गेली ती फ्यूजवर. आमच्या दुकानात एकाच लाइनीवर एसी आणि संचाला प्लास्टिक चढवायचं श्रिंक मशीन आहे. दोन्ही एकदम लावलं की एमसीबी पडतो. पॅकिंगचे काका शिव्या घालतात, पण तो पडतो म्हणून वायर जळत नाही. मुंबईला हे मोठ्या प्रमाणावर माहीत आहे. बाहेरच्या ग्रिडमध्ये गडबड झाली तर शहर तोडून आपलं आपण चालू ठेवायची आयलँडिंगची सोय आहे, आणि १२ ऑक्टोबर २०२० ला ती टिकली नाही तेव्हा लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. कुरिअरचा सर्व्हर आजारी असेल तर मला त्याच्यापासून तुटून उभं राहायचं होतं.

असा तयार फ्यूज एन-एट-एनमध्ये नाही, मी बांधला. तक्त्यात एक ओळ: कुरिअर, सलग फसलेले, कधीपासून बंद. लेबल फसलं की आकडा एकने वाढतो, जमलं की शून्य. पाच झाले की ‘बंद’. बंद असताना ‘जावक’ लेबलचा चौकोन ओलांडून जातो, बाकी नोंदी, बिल, मेसेज सगळं करतो, आणि ऑर्डरीवर ‘लेबल बाकी’ लिहितो. पंधरा मिनिटांनी एकच ऑर्डर चाचणीला पाठवायची. जमली तर उघडायचं, नाही तर आणखी पंधरा मिनिटं.

१२ ऑक्टोबर २०२५, तोही रविवारच. दुपारपासून ५३१ ऑर्डरी. फोन ओट्यावर शांत. रांग वाढत होती, कमी होत होती, मी शेंगदाणे सोलत बघत होते. पावणेनऊला फ्यूज पडला. कुरिअरवाल्यांना फोन केला, म्हणाले आमचं सगळं व्यवस्थित आहे. मी म्हटलं हे तर नेहमीचंच. पंधरा मिनिटांनी चाचणी, पुन्हा फसली. पुन्हा पंधरा मिनिटं. मग मी ती फसलेली ऑर्डर उघडून बघितली. भवानी शंकर रोडच्या एका आजोबांची. पत्ता सुरेख, संपूर्ण मराठीत, आणि पिनकोड ४०००२८, तोही देवनागरी आकड्यांत.

कुरिअरच्या सर्व्हरला तो आकडा वाटलाच नाही. त्याने ऑर्डर परत केली, ती ‘जावक’च्या त्याच खेपेत लगेच पुन्हा सगळ्यात आधी उभी, दोनदा उभी, पाचदा उभी, मधल्या कुठल्याही यशस्वी लेबलआधी तिचाच नंबर, आणि माझ्या हिशेबात त्याचे झाले पाच सलग अपयश. माझा फ्यूज आजोबांच्या शुद्धलेखनाने उडाला होता. चूक माझीच, मी ‘तुमचा सर्व्हर बंद आहे’ आणि ‘तुमचा कागद चुकलाय’ यांना एकाच मापाने मोजत होते. त्याच रात्री दोन बदल केले. चारशेच्या घरातल्या नंबरच्या चुका (म्हणजे कागद चुकलाय) फ्यूजमध्ये मोजायच्या नाहीत, फक्त पाचशेच्या घरातल्या (म्हणजे सर्व्हर बिघडलाय) आणि उत्तर न आलेल्या मोजायच्या, आणि कागद चुकलेली ऑर्डर रांगेत परत न जाता माझ्या यादीत. अपवाद एकच, ४२९. ते ‘थांबा’ म्हणणं आहे, तिथे थांबायचंच. आणि आवक वहीत शिरतानाच देवनागरी आकडे इंग्रजी करायचे, त्यासाठी एक ओळीचा कोड भाच्याने फोनवर सांगितला. मराठी पुस्तकांचं दुकान चालवणारीला हे आधी सुचू नये, याची लाज वाटली ती वेगळी.

कोणी घ्यावं? महिन्याला पन्नास ऑर्डरी असतील तर नका घेऊ, वही पुरते. हजाराच्या आसपास असाल, घरात एखादा भाचा असेल आणि दोन रविवार घालवायची तयारी असेल तर जरूर घ्या. मात्र टाइमझोन आणि दोन्ही मर्यादा पहिल्याच संध्याकाळी लावा, दुसऱ्या दिवशी लावू म्हटलं की ते राहतं. सगळा पडदा इंग्रजीत आहे, त्याला इलाज नाही, पण चौकोनांना मराठी नावं देता येतात आणि ती बिनबोभाट चालतात. माझ्याकडे ‘आवक’, ‘जावक’, ‘हजेरी’, ‘फ्यूज’ आणि एक ‘बोंब’ आहे.

रात्री साडेनऊला दिवसाचा मेसेज येतो, अण्णांच्या फोनवरही. त्या रविवारी रांग रिकामी व्हायला अकरा वाजले, म्हणून तो उशिरा आला. आवक ५३१, जावक ५३१, अडकलेल्या ०. अण्णांनी चष्मा लावला, आपल्या वहीत बेरीज केली आणि मला हाक मारली.

“माझ्याकडे पाचशे तीसच येतायत. एक कोणाची?”

मी म्हटलं अण्णा, मशीन चुकत नाही. ते म्हणाले बघ तरी. बघितलं. दुपारी चार वाजता, एक रुपया भरून, ‘चाचणी’ या नावाने मीच टाकलेली ऑर्डर होती. सहा अंकांचा संच, आमच्याच पत्त्यावर, लेबलसकट. काकांनी तो पॅकही करून ठेवला होता.